गुडघ्याएवढी मोटारसायकल

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, हें शाळेंत भूगोल शिकलेल्या प्रत्येकास आठवत असेल. त्या बुटाच्या मागल्या बाजूस, एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं, रिमिनी, रिच्चोने, मिझानो आणि कात्तोलिका अशीं चार गांवें उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीनें वसलेलीं आहेत. उन्हाळ्यांत तेथें समुद्रस्नानासाठीं माणसांची झुंबड उडते. परंतु ह्या टापूंतील रहिवाशांची खरी ओढ पाण्यापेक्षां पेट्रोलाकडे अधिक. कार्ट नांवाच्या बैठ्या, चौचाकी गाड्यांसाठीं ह्या भागांत अरुंद आणि नागमोडी धांवपट्ट्या बांधलेल्या आहेत. आणि त्यांवरच एक असा खेळ वाढीस लागला कीं, तो प्रथमच पाहणाऱ्यास हंसूं आल्यावांचून राहत नाहीं.

पन्नाशीकडे झुकलेला, अंगानें चांगला भरलेला एखादा गृहस्थ कातड्याचा सबंध पोषाख चढवून आणि तोंड झांकणारें शिरस्त्राण घालून येतो. आणि जिची बैठक त्याच्या गुडघ्याशीं लागते अशा एका मोटारसायकलीवर बसतो. बसतो म्हणण्यापेक्षां घडी घालून ठेवल्यासारखा होतो. गुडघे दोन्ही बाजूंनीं पंखांप्रमाणें बाहेर पडतात, हनुवटी पेट्रोलच्या टांकीवर टेकते, आणि खालून डांसाच्या गुणगुणण्यासारखा पण कानठळ्या बसविणारा आवाज निघूं लागतो. त्याच धांवपट्टीवर अर्ध्या तासापूर्वीं आठ-नऊ वर्षांचीं मुलें तशाच गाड्यांवरून धांवून गेलेलीं असतात. मुलांच्या खेळण्यावर थोरांनीं बसावें, कीं थोरांच्या धोक्यांत मुलांनीं उतरावें, ह्यांपैकीं हा प्रकार कोणता, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनांत उभा राहतो. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्याजोगें नाहीं.

इटलींत ह्या गाडीस मिनिमोतो म्हणतात. जपानांत तिला पॉकेट बाइक, म्हणजे खिशांतली गाडी, असें नांव आहे. तिची लांबी सुमारें एक मीटर, म्हणजे कापडवाल्याच्या गजाहून किंचित् अधिक. वजन वीस ते पंचवीस किलो. चाकें साडेसहा इंची. इंजिन चाळीस घनसेंटिमीटरच्या आसपास. औषधाच्या आठ चमच्यांत मावेल एवढ्या पोकळींत सारा स्फोटांचा खेळ चालतो. पेट्रोलांत तेल मिसळून तें चालवावयाचें, आणि दोरी खेंचून सुरू करावयाचें. गिअर बदलण्याची भानगड नाहीं. इंजिनाचा वेग वाढला कीं क्लच आपोआप पकड घेतो आणि साखळीनें मागचें चाक फिरूं लागतें. ब्रेक दोन, तेहि सायकलीप्रमाणें हातांतच. म्हणजे जो मुलगा दुचाकी सायकल चालवूं शकतो, त्यास गाडी चालविण्यापुरतें नवें असें फारच थोडें शिकावें लागतें. मात्र हें कोणी खेळणें समजूं नये. शर्यतीसाठीं बांधलेली चांगली मिनिमोतो सरळ पट्ट्यावर ताशीं सत्तर-ऐंशी किलोमीटरपर्यंत पोहोंचते.

छोट्या मोटारसायकलीची हौस जपानांतहि जुनी आहे. इ. स. १९६१ मध्यें होंडा कंपनीनें टोकियोजवळील तामा टेक नांवाच्या क्रीडोद्यानासाठीं एक दुचाकी तयार केली. तिला ४९ घनसेंटिमीटरचें इंजिन आणि पांच इंची चाकें होतीं. मुलांच्या मनोरंजनासाठीं ती केली खरी, पण मोठीं माणसेंच तिच्यावर बसण्यासाठीं पुढें सरसावूं लागलीं. तिच्यावर अंग चोरून बसलेला मनुष्य माकडासारखा दिसे, म्हणून तिचें नांव मंकी असें पडलें. आणि कंपनीनेंहि तें मोकळ्या मनानें स्वीकारलें. पुढें शर्यतीच्या पॉकेट बाइक निराळ्या बांधणीच्या निघाल्या, परंतु आपण हास्यास्पद दिसतों हें जाणून बसण्याची ही खिलाडू वृत्ति त्यांच्याबरोबर आली. ज्या गृहस्थास आपल्या प्रतिष्ठेची फार काळजी आहे, त्यानें ह्या खेळाच्या वाटेस जाऊं नये हें बरें.

आतां शर्यतीकडे वळावें. येथें एक चमत्कार असा कीं, मुलगा आणि बाप सारख्याच गाडीवर बसले, तर सरळ पट्ट्यावर बहुधा मुलगा पुढें जातो. ह्याचें कारण निव्वळ अंकगणिताचें आहे. गाडी बावीस किलोची धरली आणि बाप पंचाहत्तर किलोचा, तर इंजिनास सत्त्याण्णव किलो ओढावे लागतात; तीस किलोचा मुलगा बसला तर बावन्नच. म्हणून मुलांचे व प्रौढांचे वर्ग वेगळे ठेवतात, मुलांच्या इंजिनांची शक्ति मुद्दाम कमी करतात, आणि प्रौढांतहि वजनाचा हिशेब पाहिला जातो. तालमींत पोरेंसोरें आणि पट्टीचे मल्ल एकाच मातींत उतरतात, पण जोड लावतांना वस्ताद वय व वजन पाहतो, तसेंच हें आहे.

ह्या वजनाच्या हिशेबांतच खेळाचें खरें मर्म दडलेलें आहे. जागतिक स्पर्धांतील सहस्र घनसेंटिमीटरच्या मोटारसायकलीचें किमान वजन १५७ किलो. तिच्यावरील स्वार साधारण पासष्ट किलोचा धरला, तर एकंदर भारांत स्वाराचा वांटा तीन दशांशांहूनहि कमी भरतो. मिनिमोतोवर पंचाहत्तर किलोचा गृहस्थ बसला, तर तो एकंदर भाराच्या तीन चतुर्थांशांहून अधिक असतो. म्हणजे तेथें गाडी माणसास नेत नाहीं, तर माणूसच गाडीस नेतो. मान जरा आधीं वळली, कोपर चार बोटें अधिक झुकलें, वळणांत शिरतांना कंबर उशिरा सरकली, तर त्याचा परिणाम तत्क्षणीं चाकांवर दिसतो. मोठ्या गाडीच्या शक्तीखालीं ज्या चुका झांकून जातात, त्या ही छोटी गाडी चव्हाट्यावर आणते. पाटीवरचें अक्षर वाईट असलें तर तें पाटीवरच सुधारावें. वहीवर शाई सांडल्यावर नव्हे. मोठ्या शर्यती जिंकलेले स्वारहि सरावासाठीं लहान गाड्यांकडे परत वळतात, त्याचें कारण हेंच.

दुसरी गोष्ट वळणाची. दुचाकी वळवितांना तिला आंतल्या बाजूस कलवावें लागतें, आणि हा कल किती असावा तें वेगाच्या वर्गावर व वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून असतें. ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें साडेबारा मीटर त्रिज्येचें वळण घ्यावयाचें, तर दुचाकी सुमारें पंचेचाळीस अंशांत झुकते. ताशीं एकशेंवीस किलोमीटर वेगानें तेवढेंच झुकावयाचें असेल, तर वळणाची त्रिज्या नऊपट, म्हणजे सुमारें एकशेंतेरा मीटर लागेल. तात्पर्य, नऊ वर्षांचा मुलगा कार्टच्या अरुंद पट्टीवर जो कल साधतो, गुडघा जमिनीस घासून जो तोल राखतो, तो मोठ्या वीराच्या कलाएवढाच असतो. विद्या तीच, केवळ मोजपट्टी लहान.

आणि धोका? तोहि मोजपट्टीबरोबर लहान होतो, पण नाहींसा होत नाहीं. तिप्पट वेगाच्या अंगीं नऊपट आघातशक्ति असते. त्या मानानें चाळीसचा वेग सौम्यच म्हणावयाचा. तथापि ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें भिंतीवर थेट आदळणें, हें सवा सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या खिडकींतून, खालीं पडण्यासारखें आहे. धांवपट्टीवर पडणारा मुलगा सहसा आदळत नाहीं. तो घसरत जातो, कातड्याचा पोषाख झिजतो, आणि तो उठून गाडी उचलतो. पंचवीस किलोची गाडी त्याला उचलतांहि येते. वळणाबाहेर मोकळी जागा आणि जुन्या टायरांची रास ठेवतात ती ह्याचसाठीं. खेळ आणि अपघात ह्यांमधील अंतर पुष्कळदां ह्या मोकळ्या जागेएवढेंच असतें.

ही जागा नसली म्हणजे काय होतें, तें इंग्लंडनें पाहिलें. इ. स. २००५-०६ च्या सुमारास चीनमध्यें बनलेल्या स्वस्त मिनिमोतो तेथें इतक्या आल्या कीं, त्या पोरांच्या हातीं सहज पडूं लागल्या. रस्त्यावर वा पादचाऱ्यांच्या वाटेवर त्या चालविणें बेकायदेशीर होतें. पण धांवपट्टीवर जाण्याची, पोषाख घेण्याची, कोणाच्या देखरेखीखालीं शिकण्याची तोशीस घेतो कोण? गाडी इतकी बुटकी कीं, मोटारचालकास ती दिसतहि नसे. पोलिसांनीं त्या जप्त करून यंत्राखालीं चिरडण्यास आरंभ केला, तेव्हां कुठें तें लोण ओसरलें. ह्यांत दोष गाडीचा नव्हता. आखाड्याबाहेर, दगडी फरसबंदीवर कुस्ती खेळली तर डोकीं फुटावयाचींच.

रिमिनीच्या त्या किनाऱ्याकडे पुन्हां यावें. कात्तोलिकाच्या मागें डोंगरउतारावर ताव्हुल्लिया नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें ग्रात्सियानो रोस्सी हे मोटारसायकल-शर्यतींतील एक नामांकित स्वार राहत, इ. स. १९७९ मध्यें त्यांनीं तीन जागतिक शर्यती जिंकल्या होत्या. त्याच वर्षीं त्यांना मुलगा झाला, तो व्हालेंतिनो. स्वतः दुचाकीवर नांव मिळविलेल्या ह्या पित्यानें मुलास दुचाकीवर न बसवितां चौचाकी कार्टवर बसविलें, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जो धोका पित्यानें हंसत पत्करला तो मुलाच्या वांट्यास येऊं नये, असें घरच्यांना वाटलें. मुलानें इ. स. १९९० मध्यें कार्टची प्रांतिक स्पर्धा जिंकली. पण कार्टचा पुढचा टप्पा अतिशय खर्चाचा होता, आणि बाजूच्या पट्टीवर मिनिमोतो गुणगुणत होती. ती स्वस्त होती. वर्षभरांत तो मुलगा तिच्यावर स्थानिक शर्यतींमागून शर्यती जिंकूं लागला. आणि १९९७ पासून २००९ पर्यंत त्यानें निरनिराळ्या वर्गांत मिळून नऊ जागतिक अजिंक्यपदें मिळविलीं. घरच्यांची काळजी योग्य होती कीं अनाठायीं, हें त्याच्या कीर्तीवरून ठरवूं पाहणें मात्र चुकीचें होईल. कारण त्याच वाटेनें गेलेल्या इतरांचीहि हकीगत सांगावयाची आहे.

त्यांतील पहिला जपानचा. दाइजिरो काटो हा सैतामा प्रांतांत १९७६ मध्यें जन्मला, आणि अक्षरओळखीच्या वयांत पॉकेट बाइकवर बसला. तिच्या राष्ट्रीय स्पर्धेंत तो चार वेळां अजिंक्य ठरला. पुढें २००१ सालीं २५० घनसेंटिमीटरच्या वर्गांत त्यानें एका हंगामांत अकरा शर्यती जिंकून जागतिक अजिंक्यपद पटकाविलें. त्याचा संघ इटलीचा, फाउस्तो ग्रेसिनी ह्यांचा. त्यामुळें युरोपांत असतांना त्याचें वास्तव्य ह्याच किनाऱ्यावर असे, आणि मितभाषी काटोला तेथील लोकांनीं आपला मानलें होतें. ६ एप्रिल २००३ रोजीं जपानांत, सुझुका येथील शर्यतींत, त्याची गाडी कठड्यावर आदळली. चौदा दिवसांनीं, २० एप्रिलला, तो गेला. त्याचें वय सव्वीस वर्षांचें होतें. त्याचा ७४ हा अंक मोटोजीपी वर्गांत पुन्हां कोणास दिला गेला नाहीं. जपानांत मात्र लहान मुलांसाठीं एक पॉकेट बाइक त्याच्या नांवानें आणि ह्याच अंकानें निघाली, व तिच्या शर्यतीहि भरूं लागल्या. ज्या खेळानें त्याला घडविलें, तो त्याच्या मृत्यूमुळें बंद पडावा असें त्याच्या देशाला वाटलें नाहीं.

दुसरा मार्को सिमोन्चेल्ली. कात्तोलिका येथें १९८७ सालीं जन्मलेला, कोरियानो गांवीं वाढलेला, डोक्यावर केंसांचें भलें मोठें जंगल बाळगणारा. सातव्या वर्षीं तो मिनिमोतोवर बसला. १९९९ आणि २००० सालीं तो तिचा इटलीचा अजिंक्यवीर होता, आणि २००८ सालीं २५० घनसेंटिमीटरच्या वर्गाचा जगाचा. तोहि पुढें त्याच ग्रेसिनींच्या संघांत गेला. २३ ऑक्टोबर २०११ रोजीं मलेशियांत, सेपांग येथें, दुसऱ्याच फेरींत तो घसरला आणि गाडीसह धांवपट्टीच्या मध्यावर आला. मागून येणाऱ्या दोन गाड्या त्याच्यावर आदळल्या. त्यांपैकीं एक व्हालेंतिनो रोस्सीची होती. दोघे जिवलग मित्र, शेजारच्या गांवांतले, एकाच किनाऱ्यावर लहान गाड्यांवरून वाढलेले. ह्याहून अधिक कांहीं बोलण्याची गरज नाहीं.

मिझानो येथील मोठ्या धांवपट्टीस पुढें मार्को सिमोन्चेल्लीचें नांव देण्यांत आलें. आणि तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याचें नांव दाइजिरो काटो मार्ग असें आहे.

ह्या दोघांपैकीं कोणीहि लहान गाडीवर मेला नाहीं, असें ह्या खेळाचे पुरस्कर्ते म्हणतात, आणि तें अक्षरशः खरें आहे. परंतु लहान गाडी ही पहिली पायरी असेल, तर जिना कोठें जातो हें विचारण्याचा आईबापांना अधिकार आहे. इ. स. २०२१ मध्यें मे ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांच्या आंत युरोपांत तीन तरुण स्वार मरण पावले. त्यांचीं वयें एकोणीस, चौदा आणि पंधरा. तिघेहि पडल्यावर मागून येणाऱ्या गाड्यांखालीं सांपडले. तेव्हां नियम करणाऱ्यांचे डोळे उघडले, आणि जागतिक स्पर्धेंत उतरण्याचें किमान वय २०२३ पासून अठरा करण्यांत आलें. खालच्या वर्गांचींहि वयें वाढविण्यांत आलीं. आपल्या देशालाहि हा विषय दूरचा नाहीं. ५ ऑगस्ट २०२३ रोजीं चेन्नईजवळील धांवपट्टीवर बंगळूरचा एक तेरा वर्षांचा मुलगा शर्यतींत प्राणास मुकला. आदल्या वर्षीं तो लहान गाड्यांच्या शर्यतींसाठीं स्पेनला जाऊन आला होता. त्यानंतर सातच आठवड्यांनीं, २४ सप्टेंबरला, भारतांतील पहिली मोटोजीपी शर्यत ग्रेटर नोएडा येथें झाली; ती रिमिनीच्या मार्को बेत्सेक्कीनें जिंकली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एकाच हंगामांतल्या ह्या दोन बातम्या आहेत, आणि त्या एकत्र वाचावयास हव्यात.

तर मग मुलांनीं ह्या खेळांत पडूंच नये काय? असा निकाल देणें सोपें आहे, पण तो योग्य ठरणार नाहीं. धांवपट्टीवर, पुऱ्या पोषाखांत, वयाला साजेशा इंजिनावर चालणारी मिनिमोतो मुलास जें शिकविते तें मोलाचें आहे. पडण्याचें भय बाळगूनहि हात स्थिर ठेवणें, पुढच्याच्या चुकीची वाट पाहणें, हरल्यावर शिरस्त्राण काढून हात मिळविणें, आणि संध्याकाळीं स्वतःच्या गाडीची साखळी स्वतः पुसून तेल घालणें; ह्या गोष्टी वर्गांत शिकवूं गेल्यास शिकवितां येत नाहींत. गडबड होते ती तारेच्या कुंपणापलीकडे. तेथें घड्याळ घेऊन उभा असलेला बाप प्रत्येक फेरी मोजत असतो. मुलगा चौथा आला तर घरीं जातांना गाडींत कोणी बोलत नाहीं. मुलगा खेळत असतो आणि बाप वर चढत असतो. ह्या बापांनीं स्वतःच एक मिनिमोतो घ्यावी, पोटाचा घेर सांभाळीत तिच्यावर बसावें, आणि पहिल्या वळणावर घसरून पाहावें. प्रौढांच्या शर्यतींचा हा एक उपयोग फारसा कोणी सांगत नाहीं. स्वतः घसरलेला बाप मुलास "आणखी उशिरा ब्रेक दाब" असें सहसा ओरडून सांगत नाहीं.

आणि प्रौढांचा तो वर्ग पाहण्यासारखा असतो. तेथें कोणास जगज्जेता व्हावयाचें नसतें. सोमवारीं दुकान उघडावयाचें असतें, गुडघे दुखत असतात. तरी शेवटच्या वळणावर दोघे केंस पिकलेले गृहस्थ कोपरास कोपर लावून झुकतात, आणि सातव्या कीं आठव्या क्रमांकासाठीं जिवाचें रान करतात. शर्यत संपल्यावर दोघांनाहि सरळ उभें राहण्यास थोडा वेळ लागतो. ह्या गाडीला जिन्याची पायरी न मानतां अंगण मानणारे लोक ते हेच.

मार्कोचे वडील पाओलो सिमोन्चेल्ली ह्यांच्याविषयीं सांगावयाचें राहिलें. मुलगा गेल्यावर त्यांनीं शर्यतींकडे पाठ फिरविली असती, तर त्यांना कोणी नांव ठेविलें नसतें. त्यांनीं २०१३ मध्यें तरुण स्वारांसाठीं संघ काढला. मुलाचें लाडकें नांव सिक, आणि त्याचा अंक ५८. संघाचें नांवहि तेंच. प्रथम इटलींतल्या कनिष्ठ वर्गांत, आणि २०१७ पासून जागतिक स्पर्धेच्या मोटो-३ वर्गांत तो उतरूं लागला. दुसऱ्यांचीं मुलें गाडीवर बसवितांना ह्या माणसाच्या मनांत काय येत असेल, ह्याचा तर्क करणें कठीण आहे. १५ सप्टेंबर २०१९ रोजीं मिझानो येथें मोटो-३ ची शर्यत झाली, आणि पाओलोंच्या संघाचा तात्सुकी सुझुकी पहिला आला. जागतिक शर्यतींतला तो त्याचा पहिलाच विजय. धांवपट्टीवर मार्कोचें नांव होतें, बाहेरच्या रस्त्यावर काटोचें, आणि जिंकणारा मुलगा जपानी होता. पुढच्या रविवारीं, २२ सप्टेंबरला, स्पेनमध्यें आरागोन येथें तोच संघ पुन्हां शर्यतीस उभा राहिला.